शंभरपैकी किती झोपलात?

घोरणाऱ्या माणसाला आता रोज सकाळी प्रगतिपुस्तक मिळते. झोपेत श्वास अडू नये म्हणून मास्कमधून दाबाने हवा सोडणाऱ्या, रेसमेड कंपनीच्या सीपॅप यंत्राचे ‘मायएअर’ ॲप शंभरपैकी गुण देते: वापराच्या तासांचे ७०, मास्क नीट बसल्याचे २०, तो वारंवार न काढल्याचे ५. आणि ज्यासाठी हा सारा खटाटोप, त्या श्वास अडण्याचे? उरलेले ५. म्हणजे सात तास मास्क लावून छताकडे टक लावून पडलेला माणूसही विशेष प्रावीण्यासह उत्तीर्ण! यंत्र हवेचा प्रवाह मोजते; डोळा लागला की नाही, ते त्याला ठाऊक नसते. एएचआय, म्हणजे तासाला श्वास किती वेळा अडला किंवा मंदावला तो आकडा, हाही यंत्र चालू असलेल्या तासांनीच भागलेला. आठ तासांत ३२ वेळा, तर एएचआय ४. पाचाच्या आत, सगळे आलबेल. त्यातले दोन तास जागरणात गेले असतील, तर झोपेच्या हिशेबाने तोच आकडा ५.३ होतो.

यावर उत्तर तयार असते: गुणांमुळे लोक मास्क लावतात, आणि न लावलेला मास्क उपयोगाचा नाही. खरेच आहे. पण मग ही हजेरी झाली, तिला प्रकृती समजून पेढे का वाटायचे? विमावाल्यांना मात्र ही हजेरी हवीच असते. अमेरिकेतल्या मेडिकेअर या सरकारी विम्याची एक अट सलग ३० दिवसांत ७० टक्के रात्री किमान चार तास वापराची आहे. दुपारच्या बैठकीत पेंग येते का, हा रकाना यंत्राच्या अहवालात नाही.