सत्तावीस नंबरचं दळण

1982 च्या जानेवारीत मुंबईतल्या कापडगिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि मग लालबाग-परळचे भोंगे एकेक करून गप्प झाले. आमच्या गल्लीत आता चालू गिरणी एकच. पिठाची.

आमची चाळ पाडून टॉवर झाला आणि आम्ही दुसऱ्या मजल्यावरून बाविसाव्यावर गेलो. दळणाचा डबा मात्र जुनाच. त्यावर वडिलांनी तेलरंगाने लिहिलेला खोली नंबर, 27. तो खरवडून मी '2204' लिहायला निघालो, तर गिरणीवाले काका म्हणाले, "राहू दे. बावीसशे चार कोण, मला कळायचं नाही."

सत्तावीस नंबरला मात्र ते नको तितकं ओळखतात. गहू अर्धा डबाच आले आणि सोबत ज्वारीची पिशवी आली, तेव्हा त्यांनी चक्कीच्या वर आवाज चढवून विचारलं, "साखर किती निघाली?" रांगेतल्या चौघांनी आपापले आकडे सांगितले.

एकदा काकांनी आमच्या गव्हाचा दाणा दाताखाली फोडून पाहिला. "दमट आहेत. दगडाला चिकटतील. उन्हात घाल." बाविसाव्या मजल्यावर ऊन रग्गड, पण गॅलरीत वाळवण घालायला सोसायटीची मनाई. दोन रात्री गहू पंख्याखाली पलंगावर झोपले, आम्ही खाली.

काकांचा पोऱ्या डबा पोचवायला येतो, तेव्हा गेटवरच्या ॲपात 'कॅब', 'डिलिव्हरी', 'पाहुणे' असतं, दळण नसतं. वॉचमन 'पाहुणे' दाबतो. आमच्याकडे दर रविवारी माणसं जेवायला असतात, असा कमिटीचा समज आहे.

परवा टॉवरमधल्या एक नव्या बाई ज्वारी घेऊन आल्या. "ग्लुटेन-फ्री हवंय."

काकांनी तो शब्द ऐकून सोडून दिला. "आत्ता गहू उतरलेत. अर्धा तास थांबा, ज्वारीवर ज्वारी घेतो."

बाई खूश. काकांनी त्यांच्या कोऱ्या डब्यावर लिहायला खडू उचलला.

"खोली नंबर?"

"थर्टी वन झीरो टू."

"तो नाही. चाळीतला."

"आम्ही चाळीत नव्हतो."

काकांनी डोळे मिटले. पाडलेल्या चाळीचे तिन्ही मजले मनात फिरून आले असावेत.

"एकोणतीस रिकामी आहे," म्हणाले, आणि डब्यावर 29 लिहिलं.