अष्टतारे

आमच्या ताईच्या शिवणाच्या डब्यातली टेप गेले आठ महिने डब्यात नाही. ती भाच्याच्या लॅपटॉपच्या बॅगेत असते. हिंजवडीला जाताना बरोबर, येताना बरोबर. गिटारींचं दुकान दिसलं की हा आत शिरतो, भिंतीवरची गिटार उतरवायला लावतो आणि वाजवायची सोडून मोजायला लागतो. नटापासून, म्हणजे मानेच्या टोकाच्या खाचांच्या पट्टीपासून, बाराव्या फ्रेटपर्यंत, म्हणजे मानेवरच्या बाराव्या आडव्या दांडीपर्यंत, अंतर घ्यायचं आणि त्याची दुप्पट करायची, की तारेची वाजती लांबी निघते. हे आता मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. कॅम्पातल्या एका दुकानदारानं परवा त्याला दारातच ओळखलं आणि विचारलं, "या, आज बाही की उंची?"

भाच्याला आठ तारांची इलेक्ट्रिक गिटार घ्यायची आहे. पहिलीच. बजेट तीस हजार. त्याचं खरं आडनाव वेगळं आहे, पण मी त्याला अष्टतारे म्हणतो. महाराष्ट्रात अष्टपुत्रे आहेत, दशपुत्रे आहेत, मग अष्टतारे असायला कोणाची हरकत नसावी. शिवाय ही काही एका घरातली गोष्ट नाही. कॅमेऱ्यांचे अष्टतारे असतात, सायकलींचे असतात, आमच्या सोसायटीत घरघंटीचेही एक आहेत. वस्तू घेण्याआधी तिचं एवढं ज्ञान मिळवायचं, की घ्यायची गरजच उरू नये, असा या लोकांचा काहीतरी गुप्त बेत असावा.

अष्टताऱ्यांच्या लॅपटॉपवर एक तक्ता आहे. त्याला चौदा रकाने आहेत. लाकूड, वजन, पिकअप, नटाची रुंदी, परत विकली तर काय येईल, वगैरे. किमतीचे दोन रकाने आहेत. एकाचं नाव 'किंमत', दुसऱ्याचं 'आईला सांगायची किंमत'.

या वाद्याची थोडी ओळख करून द्यायला हवी, कारण मलाही ती माझ्या मर्जीविरुद्धच झाली आहे. साध्या गिटारला सहा तारा. त्याखाली आणखी एक जाड तार लावली की सात, आणि तिच्याखाली आणखी जाड लावली की आठ. 'खाली' म्हणजे सुरानं खाली. गिटार मांडीवर घेतली की ही तार सगळ्यात वर, हनुवटीच्या बाजूला येते. ताई एकदा म्हणाली, "अरे, वरची तार कर ना जरा हळू," तेव्हा त्यानं तिला वीस मिनिटं समजावलं की वरची तार ही खालची असते आणि खालची वरची. तेव्हापासून ती नुसतं "बंद कर" म्हणते.

या आठव्या तारेचा सूर एफ शार्प. सेकंदाला जेमतेम ४६ कंपनं. बास गिटारची सगळ्यात जाड तार ४१ वर असते, म्हणजे ही तार थेट बासवाल्याच्या ओसरीवर जाऊन बसते. अष्टताऱ्यांच्या बँडमधल्या बासवाल्याची यावर काही तक्रार नाही, कारण बँड अजून निघालेला नाही. या तारेवर तळहाताची कड दाबून फटका मारला की जो आवाज येतो, त्यावरून या सगळ्या संगीतालाच 'जेंट' असं नाव पडलं आहे. ताईनं हे ऐकून निरागसपणे विचारलं होतं, "मग लेडीजची वेगळी येते का?"

"कधी घेणार?" असं विचारलं की अष्टतारे इतिहासात शिरतात. स्वीडनमधल्या उमेओ गावचा मेशुगा हा बँड म्हणजे या पंथाचं आद्यपीठ. त्यांनी २००२ साली 'नथिंग' नावाचा अल्बम काढला. तो आठ तारांवर करायचा बेत होता, पण गिटारी वेळेत धड तयार झाल्या नाहीत. मग त्यांनी सात तारांच्याच गिटारी ढिल्या करून काम भागवलं आणि २००६ साली गिटारींचे भाग आठ तारांवर पुन्हा वाजवून तोच अल्बम परत काढला. "म्हणजे मेशुगाला चार वर्षं लागली मामा," असं म्हणून तो माझ्याकडे अशा नजरेनं बघतो, की त्याच्या आठ महिन्यांची मलाच लाज वाटावी. त्यांनी ती चार वर्षं वाजवण्यात घालवली, हे मी बोलून दाखवत नाही. मामानं काही गोष्टी पोटात ठेवायच्या असतात.

पुढे आयबानेझ या गिटार कंपनीनं २००७ साली आरजी२२२८ काढली आणि आठतारी कारखान्यातून निघायला लागली. आणखी काही वर्षांनी स्वस्तातली आरजी८ आली, तेव्हा ती सामान्य नोकरदाराच्या स्वप्नात येण्याइतकी खाली उतरली. स्वप्नात आली, ती तिथेच राहिली.

मध्यंतरी एका रविवारी मी त्याच्याबरोबर दुकानात गेलो होतो. तिथे एक अगदी बजेटात बसणारी आठतारी होती. काळी, देखणी. मान एवढी रुंद, की मला घरचं पोळपाट आठवलं. सहा तारांच्या गिटारीचा नट त्रेचाळीस मिलिमीटरच्या आसपास असतो, हा पंचावन्न. भाच्यानं टेप काढली. पावणेतेरा इंच. दुप्पट, साडेपंचवीस. त्याचा चेहरा पडला.

"सत्तावीस पाहिजे," तो म्हणाला. "निदान साडेसव्वीस."

दुकानातल्या मुलानं तरी ती ॲम्पला जोडून दिली. भाच्यानं आठवी तार छेडली. ती कपडे वाळत घालायच्या दोरीसारखी डोळ्यांना दिसेल इतकी हलली, आणि ॲम्पमधून जे आलं त्याला सूर म्हणणं म्हणजे रिक्षाच्या सायलेन्सरला शहनाई म्हणणं. मुलगा म्हणाला, "जाड तार टाका ना." यावर अष्टतारे असे काही फुलले! जाड तार टाकली तर नटाची खाच कानशीनं मोठी करावी लागेल. ती केली तर ब्रिजवरचं सॅडल मागे सरकवावं लागेल, आणि तिथे एवढी जागाच नाही. म्हणजे बाराव्या फ्रेटवर सूर चढा लागणार. मुलगा ऐकत राहिला. त्याच्या मागे दोन खरी गिऱ्हाइकं उकुलेली विकत घेऊन निघूनही गेली.

खरं सांगायचं तर भाच्याचं बरोबर होतं. स्वस्तातली आठतारी घेताना पहिल्यांदा लांबीच बघावी. पिकअप पुढे पैसे आले की बदलता येतात, खुंट्या बदलता येतात, दोन-तीन हजार बाजूला ठेवून चांगल्या कारागिराकडून सेटअप करून घेता येतो. लांबी मात्र जन्माची. शिवाय घरातल्या दहा वॅटच्या ॲम्पमधून तो खर्ज बाहेरच पडत नाही, नुसती घुरघुर पडते, तेव्हा थोडे पैसे तिकडेही राखावेत. इतकं सगळं ज्याला कळतं त्यानं खरं तर केव्हाच गिटार घेऊन टाकायला हवी होती. भाचा दुकानातल्या मुलाला म्हणाला, "विचार करून सांगतो."

जुन्या गिटारींचा शोधही चालूच असतो. नाशिकच्या एका मुलाकडे सत्तावीस इंची आठतारी निघाली, किंमतही बरी. भाच्यानं त्याच्याकडून फोटो मागवले. पुढून, मागून, खुंट्यांचे, फ्रेटच्या कडांचे. नंतर रात्री साडेबाराला त्याला निरोप पाठवला, "बाराव्या फ्रेटवर आठव्या तारेखाली एक रुपयाचं नाणं सरकवून फोटो पाठव." नाशिकहून उत्तर आलं, "नाणं तुम्हीच घेऊन या." त्यानंतर नाशिकहून काहीच आलं नाही.

दरम्यान, घरात त्याची कॉलेजातली सहा तारांची गिटार आहे. तिला सध्या पाच तारा आहेत. पहिली, केसासारखी बारीक तार गेल्या गणपतीत तुटली. ती सुटी आणायला शंभर रुपयेसुद्धा लागत नाहीत, पण "आता आठतारीच घ्यायची, उगाच कशाला खर्च?" या तत्त्वावर ती जागा रिकामी आहे. आठ तारांच्या शोधात निघालेला माणूस सध्या पाचांवर आहे, आणि त्याही महिन्यातून एखाद्या वेळी.

परवा जेवणं झाल्यावर तो मला लांबीचं महत्त्व चौथ्यांदा समजावत होता. ताई पेटी पुसत होती. तिचं भजनी मंडळ आहे, आणि आमच्या वडिलांचा मिरजेचा तंबोरा अजून तिच्याच घरी कोपऱ्यात उभा आहे.

"एवढ्यासाठी चौदा रकाने?" ती म्हणाली. "पुरुषांचा तंबोरा मोठा का आणि बायकांचा लहान का? खर्ज लावायचा तर तारेला लांबी लागते. आखूड केलीस की ती लोळते. आजोबांच्या तंबोऱ्याला विचारलं असतंस तर त्यानंही सांगितलं असतं."

भाचा गप्प झाला. नाही म्हटलं तरी त्याचा अर्धा तक्ता एका वाक्यात निकालात निघाला होता.

"आणि तो तुझा एफ शार्प म्हणजे कुठला?"

त्यानं मोबाइलवर सूर लावून दाखवला. ताईनं भाता हलवला, एकेक पट्टी चाचपत गेली आणि एका काळीवर थांबली.

"काळी तीन. ही तर आपल्या पेटीत आहे."

"आई, ही ती नाही. ती याच्या खूप खाली."

तिनं पेटीच्या अगदी डाव्या टोकाची काळी तीन दाबली. "ही?"

"त्याच्याही खाली."

"त्याच्याही खाली," ताई भाता बंद करत म्हणाली, "सोसायटीचे सेक्रेटरी राहतात."

दिवाळीपर्यंत निर्णय होईल असं भाचा म्हणतो. ताईनं काल ब्लाउजसाठी नवी टेप आणली. वीस रुपयांना. दुकानात पहिली दिसली ती.