चौकशीकाका

भाईंदरच्या केबिन रोडवर कुणाचा मिक्सर जळाला तर त्याला सरळ दुकानात जाता येत नाही. वाटेत चौकशीकाका लागतात. ते मुद्दाम थांबलेले नसतात. हातात दुधाची पिशवी असते, पायात घरातली स्लिपर असते, पण जिन्यावरून कोण कशासाठी उतरतंय ते त्यांना पावलांच्या आवाजावरून कळतं. "एवढ्यात घेऊ नका," ते म्हणतात. "मी बघतो." मग ते बघतात. मिक्सरवाल्यांकडे तो सगळा महिना पाट्यावर चटणी वाटली जाते.

काका रेल्वेच्या भांडार खात्यातून निवृत्त झाले. नोकरीत तीन कोटेशनांखेरीज त्यांनी फडकंसुद्धा घेऊ दिलं नाही, आणि ती सवय पेन्शनच्या कागदांबरोबर घरी आली. सोसायटीचा पंप, तळमजल्यावरचा गिझर, सेक्रेटरींच्या मुलीच्या लग्नाचा हॉल, सगळ्याची कोटेशनं काकांच्या फायलीत आहेत. लग्न होऊन ती मुलगी नांदायला गेली, तिच्या बाळाचं बारसंही उरकलं, तरी एका हॉलवाल्याने शेवटचा भाव अजून कळवला नाही याची काकांना रुखरुख आहे. स्वतःच्या घरी काही हवं असलं की मात्र काकू खाली उतरतात, समोर दिसेल त्या दुकानात शिरतात आणि वस्तू घेऊन वर येतात. काका तेव्हा दुसऱ्या कुणासाठी तरी बघत असतात.

अशा माणसाच्या भाच्याने शिडाची होडी घेतली.

भाचा शिकागोला असतो. मिशिगन सरोवराच्या काठची हौशी माणसं उन्हाळ्यात होड्या पाण्यात सोडतात आणि थंडी पडायच्या आत बाहेर काढून झाकून ठेवतात. त्यानेही एक जुनी, पंचवीसेक फुटांची होडी घेतली होती. व्हिडिओ कॉलवर तो सांगत होता की परवा पोहायला म्हणून उडी मारली आणि परत वर चढताच येईना, शेवटी मित्रांनी दंडांना धरून ओढून घेतलं. सगळे हसले. काका हसले नाहीत.

"शिडी नाही?"

"घ्यायचीय मामा. बघतोय."

"तू नको बघूस. मी भाईंदर पूर्वेला राहतो. स्टीलची ताटं, डबे, पेले इथल्या गाळ्यांतून बाहेर पडतात, आणि तू तिकडे एका शिडीला डॉलर मोजणार?"

भाचा हो म्हणाला. आईच्या तोंडून त्याने मामाबद्दल पुष्कळ ऐकलं होतं, पण मध्ये एवढी पृथ्वी असल्यामुळे तो बेसावध राहिला.

काकांना होडीतलं काही कळत नव्हतं. ही अडचण त्यांना कधीच आडवी आलेली नाही. पाण्यावरचा त्यांचा अनुभव म्हणजे गोराईची फेरी आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेली वसई-भाईंदर रो-रो. रो-रोमध्ये माणूस स्कूटरवर बसल्या बसल्या चढतो, त्यामुळे शिडीबाबत तिच्यापासून शिकण्यासारखं काही नाही. म्हणून ते बस पकडून उत्तनला गेले. बोंबील वाळत घातलेल्या काठ्यांमधून वाट काढत एका तांडेलापाशी पोचले आणि विचारलं, पाण्यात पडलेला माणूस परत बोटीत येतो कसा?

तांडेल जाळं सांधत होता. "टायर हाय ना," तो म्हणाला. बोटीच्या अंगाला दोरीने बांधलेला जुना टायर, त्यावर पाय, आणि वरून ओढायला चार हात.

"आणि एकटा असला तर?"

"एकटा कशाला जाईल?"

काकांनी दोन्ही उत्तरं वहीत लिहून घेतली. त्यांच्या सगळ्या शिडीसंशोधनात मोलाचं काही असेल तर ते दुसरं उत्तर. भाचा तिकडे कधी कधी एकटा जात होता.

चढणं म्हणजे काय हे भाईंदरकरांना विरार लोकलने शिकवलंय. सकाळच्या गाडीत स्वतःहून कुणी चढत नाही. दाराच्या दिशेने तोंड करून उभं राहायचं, बाकीचं मागची माणसं करतात. पाण्यात मागे कुणी नसतं. ओले कपडे खाली ओढतात, कठडा पाण्यापासून तीनेक फूट वर असतो, पायाखाली आधार नसतो, आणि नुसत्या दंडांच्या बळावर स्वतःला तेवढं उचलणं चांगल्या धडधाकट माणसालाही जमत नाही. त्यात पाणी गार असलं तर काही मिनिटांत बोटांची पकड जाते. दहावीच्या मुलासारखे काका हे सगळं वाचत होते आणि समोर येईल त्याला ऐकवत होते. वाणी, न्हावी, लिफ्ट दुरुस्त करायला आलेला पोरगा, कुणी सुटलं नाही. केबिन रोडच्या हवेत सहसा नसलेला एक प्रश्न त्यांनी सगळीकडे पसरवला: "शिडी वर घडी करून बांधलेली आहे. तुम्ही खाली पाण्यात आहात. ती सोडणार कोण?"

यावर वाणी म्हणाला की साबुदाणा अर्धा किलो देऊ की एक.

पण प्रश्न बरोबर होता. युरोपात होड्यांसाठी २०१३ चा जो नियम आहे त्यात हेच सांगितलंय: परत चढण्याचं साधन पाण्यातल्या माणसाच्या हाताला लागलं पाहिजे किंवा त्याला ते दुसऱ्याच्या मदतीशिवाय खाली सोडता आलं पाहिजे. होडी विकत घेणारे शिडाचं कापड बघतात, इंजिनाचा आवाज ऐकतात, गादीवर बसून उड्या मारून बघतात. शिडी ते कोरड्या पायांनी, धक्क्यावर उभं राहून, वरून बघतात. काका होडीपासून हजारो मैलांवर होते, म्हणूनच कदाचित त्यांनी ती खालून बघितली.

पहिलं कोटेशन दोरीच्या शिडीचं आलं. स्वस्त, हलकी, पिशवीत मावणारी. काकांनी ती पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून खाली सोडली आणि दुसऱ्या मजल्यावरच्या कॉलेजकुमाराला चढायला लावलं. त्याने वजन टाकताच दोर आत सरकला, पाय तळमजल्याच्या खिडकीच्या ग्रिलमध्ये गेले, आणि मुलगा डोकं रस्त्याकडे, पाय स्वयंपाकघराकडे असा आडवा लोंबकळू लागला. आत वहिनी पोळ्या लाटत होत्या. त्यांनी विचारलं, "काका, पंप आला का?" मुलाला सोडवल्यावर काकांनी समाधानाने नोंद केली. होडीचं पोटही खाली आत वळतं, तिथेही हेच होणार. दोरीची शिडी बाद.

दुसरी आली ती नळीत नळी सरकणारी. हिच्या पायऱ्या मिटताना एकमेकींवर आपटतात आणि मध्ये बोटं सापडतात. वाळूचे कण गेले तर सरकतही नाही. बाद. तिसरी, कठड्याला आकड्यांनी अडकवायची. ती वापरून झाली की पेटीत ठेवतात, आणि माणूस पडतो तेव्हा ती पेटीतच असते. बाद. उरली ती होडीच्या मागच्या अंगाला कायमची बसवलेली, मधून दुमडणारी. तिचे बोल्ट आरपार घालायचे, आतून जाड पट्टी द्यायची, आणि घडी बांधणाऱ्या पट्ट्याचं टोक पाण्यापर्यंत लोंबतं ठेवायचं, म्हणजे खालून ओढलं की शिडी उलगडते. खालची पायरी पाण्याखाली सुमारे दोन फूट जायला हवी. पायरी पाण्याच्या पातळीवरच संपली तर पोहणाऱ्याला गुडघा छातीशी आणावा लागतो. काकांनी एका लग्नपत्रिकेच्या पाठीवर आकृती काढली. पायऱ्या गोल नळीच्या नकोत, सपाट हव्यात, हे त्यांनी सोसायटीच्या सभेत सिद्ध केलं: सगळ्या सभासदांना चपला काढून एकेक मिनिट पाइपवर उभं केलं. सभेचा विषय गच्चीची गळती हा होता.

मग गाळे सुरू झाले. काकांचं शस्त्र म्हणजे फ्रिजवरचा गणपतीचा चुंबक. तो ते प्रत्येक पाइपला लावत. चिकटला नाही की गाळेवाला म्हणे, "देखो अंकल, बप्पा नहीं चिपका, असली माल है." काका मान डोलावत पुढच्या गाळ्यात.

ही चुंबकाची परीक्षा मुंबई-ठाण्यात घराघरात चालते, आणि शिडीसाठी ती फारशी कामाची नाही. ३०४ नंबरच्या स्टीलला चुंबक सहसा धरत नाही, ३१६ लाही नाही, आणि निकेल कमी करून मँगनीज वाढवलेल्या स्वस्त २०२ लाही नाही. फरक आहे तो आतल्या धातूंचा. ३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. ३१६ मध्ये वर २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम घालतात, आणि त्यामुळे मिठाच्या पाण्यात पडणारी बारीक भोकं त्याला सहजी पडत नाहीत. हे बप्पाला कळत नाही. त्यासाठी थेंब टाकून, बॅटरी लावून रंग बघायची वेगळी परीक्षा आहे. ती माहीत असलेला भंगारवाला काकांना भेटला तेव्हा ते त्याच्याकडे जेवायच्या वेळेपर्यंत बसले. काकूंनी फोन केला तर म्हणाले, "मॉलिब्डेनम चाललंय."

तर ३१६ ठरलं. त्याचा भाव ऐकून कॉलेजकुमार म्हणाला, "पण काका, मिशिगनचं पाणी गोडं आहे ना? तलाव आहे तो."

गाळ्यातला बफिंगचा आवाजही क्षणभर थांबला. ग्रिलमध्ये लोंबकळलेल्या माणसाला अशा वेळी बोलण्याचा हक्क असतो. गोड्या पाण्याला ३०४ पुरेसं आहे, यात वाद नाही.

"१९५९," काका म्हणाले.

"काय?"

"सेंट लॉरेन्सचा जलमार्ग १९५९ मध्ये खुला झाला. मिशिगनमधून निघालेली मोठी बोटसुद्धा अटलांटिकला जाते. उद्या गेला तो समुद्रात, तर तुझं ३०४ घेऊन बसू?"

भाच्याने तोपर्यंत किनारा दिसेनासा होईल इतक्या लांबसुद्धा होडी नेली नव्हती. पण चौकशीकाकांना माहितीवरून हरवता येत नाही, हे कळायला कॉलेजकुमाराला अजून अवकाश आहे. त्यांना फक्त वेळेवरून हरवता येतं, आणि वेळ त्यांच्याकडे आपल्यापेक्षा जास्त असतो.

शिडी झाली. हे सांगितल्यावर केबिन रोडवर अजून कुणाचा विश्वास बसत नाही, पण आर्गॉनच्या वेल्डिंगची, कोपरे घासलेली, दुमडली की बॅगेत मावणारी शिडी खरोखर झाली. काकांची बहीण मुलाकडे निघाली होती. २३ किलोच्या बॅगेत लोणचं, मेतकूट आणि चकलीची भाजणी बाहेर काढून शिडी आत गेली, आणि त्यावरून बहीण-भावांचं जे बोलणं झालं ते आम्ही बंद दाराआडून ऐकलं. पुढे शिडी होडीला बसली. भाच्याचा निरोप आला: "मामा, मस्त!"

काकांनी तो मला चष्मा पुसून पुन्हा दाखवला. "मस्त म्हणजे? पाण्याखाली किती इंच गेली? एका हाताने उलगडली का? अनवाणी पायांना कशी लागते?" भाच्याने सगळ्याला 'हो' म्हणून अंगठा पाठवला. मी काकांना एवढं खिन्न कधी पाहिलं नव्हतं. वस्तू मिळाली की चौकशी संपते, आणि चौकशी संपलेला चौकशीकाका दुपारी काय करणार? तळमजल्याच्या वहिनींनी ती संधी साधून गिझर घेऊन टाकला.

पण काकांची ही खिन्नता फार दिवस टिकली नाही. काकांच्या वाचनात दिलीप दोंदे आले. २००९-१० मध्ये 'म्हादई' या गोव्यात बांधलेल्या शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीला फेरी घालणारे ते पहिले भारतीय. काकांनी वाचता वाचता पुस्तक खाली ठेवलं. शीड भरलेलं आहे, सुकाणू आपोआप चालतंय, आणि एकटा माणूस पडला, तर होडी त्याच्यासाठी थांबत नाही. ती पुढे जाते, आणि ३१६ ची शिडीही तिच्याबरोबर जाते. म्हणून एकटे जाणारे दर्यावर्दी मुळात पडायचंच नाही असं बघतात. छातीला पट्टा घालून स्वतःला होडीशी अडकवून घेतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका दुधाची पिशवी घेऊन आमच्या दारात उभे होते. उंच इमारतींना रंग देणारे जो सेफ्टी बेल्ट घालतात, तो कुठे मिळतो हे त्यांना हवं होतं. चेहरा उजळला होता.

तेव्हा तुमच्याकडे होडी असेल आणि शिडी घ्यायची असेल, तर सपाट पायऱ्यांची घ्या, खालची पायरी पाण्याखाली दोन फूट जाऊ द्या, आणि पैसे देण्याआधी पाण्यात उतरून ती एका हाताने खाली ओढता येते का ते बघा. छातीच्या पट्ट्याबद्दल मात्र काकांना एवढ्यात विचारू नका. तिसरं कोटेशन यायचंय.