म्युझियम कसे करावे : कर्जत-खालापूरकरांसाठी प्राथमिक धडे

पहिला नियम : म्युझियम बघायला मुंबईला जातोय, हे आळीत कुणाला सांगू नये. सांगितलंत की दादरहून साड्या बदलून आणायचं काम गळ्यात पडतं.

गाडी कर्जतहून सुटणारी धरा, खिडकी मिळते. खालापूरकरांनी खोपोलीहूनच बसून यावं आणि कर्जतला चढणाऱ्यांनी त्यांच्याकडे रागाने बघावं, अशी रीत आहे. डबा बदलापूरच्या आत संपवा. पुढे हात तोंडापर्यंत पोचत नाही.

सीएसएमटीहून हुतात्मा चौकावरून काळ्या घोड्यापर्यंत चालतच जा. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय १९२२ साली लोकांसाठी उघडलं. जुना टॅक्सीवाला त्याला अजून प्रिन्स ऑफ वेल्स म्हणेल. वाद घालू नका, मीटर चालू असतो.

मूर्ती, नाणी, लघुचित्रं यांना नमस्कार करून प्राणी-पक्ष्यांचा विभाग गाठा. काचेमागे वाघ, गवा, रोहित, धनेश, सगळे पेंढा भरलेले. धनेशापाशी मुक्काम ठोका. धनेशाची मादी झाडाच्या ढोलीत शिरून दार लिंपून घेते, एक फट तेवढी ठेवते आणि नर त्या फटीतून तिला फळं भरवत राहतो. हे ऐकून काकू काकांकडे बघतील. काकांनी गव्याकडे बघावं.

आजी म्हणतील, ''आपल्या उंबरावर येतो तोच की हा! इथे जेवण बरं मिळतंय वाटतं.'' आपला राखी धनेश दोन फुटी, हा जवळपास चार फुटी, हे समजावत बसू नका. घरच्या उंबरावर तो ओरडला तर कुणी मान वर करत नाही. इथे तिकीट काढलंय, म्हणून सगळे निमूट हात मागे बांधून उभे.

पोरं जांभया देतील. रागावू नका. याच विभागात १९२६ साली खुद्द सलीम अली महिना ३५० रुपयांवर मार्गदर्शक होते. दोन वर्षांत तेही कंटाळले आणि रजा टाकून जर्मनीला शिकायला गेले.

जिवंत वाघाचा हट्ट झालाच तर राणीच्या बागेचं नाव काढू नका. त्यासाठी भायखळ्याला उतरावं लागतं, आणि संध्याकाळी तिथून कर्जत फास्टमध्ये आजींना चढवणं या धड्यांच्या आवाक्याबाहेरचं आहे.