देठासकट

दिंडोरी तालुक्यात द्राक्षबाग असूनही हाताला कधी चीक न लागलेला शेतकऱ्याचा पोरगा शोधायचा असेल, तर तो मीच. हंगामात आबा मला बागेत पाठवायचे. मी मांडवाखाली खुर्ची टाकून हजेरीची वही लिहायचो. सुरगाण्याकडून आलेल्या नवरा-बायकोच्या जोड्या राबायच्या आणि मी सावलीतून ओरडायचो, "मण्यांना हात नको! देठ धरा, देठ!" शेतीतलं माझं सगळं ज्ञान या एका वाक्यात मावतं. हे वाक्य मी न्यूझीलंडला सोबत नेलं, तिथंच घोळ झाला.

नेलं म्हणजे काय, बायकोनं मला नेलं. तिनं हॅमिल्टनला मास्टर्स केलं, तिला व्हिसा मिळाला आणि तिच्या शेपटाला धरून मला. दोघांनी मिळून नोकरीचे अर्ज इतके केले, की नकार वाचायचीही सवय झाली. तेवढ्यात कुणीतरी सांगितलं, टे पुकेला हंगाम सुरू झालाय, मार्च ते जून माणसं लागतात. टे पुके हे गाव स्वतःला जगाची किवीफळांची राजधानी म्हणवतं. मजा म्हणजे हे फळ मुळात तिथलं नाहीच. 1904 साली एका शिक्षिकेनं चीनमधून बिया आणल्या. पुढं 'चायनीज गूजबेरी' हे नाव अमेरिकेच्या बाजारात चालेना, म्हणून 1959 मध्ये त्याचं 'किवीफ्रूट' असं बारसं झालं. बायोडेटा सुधारून पोटाला लागणाऱ्यांत ते मला सीनियर आहे.

कारण मीही तेच केलं. मुकादम पंजाबी होते. त्यांनी विचारलं, "तजुर्बा?" मी छाती काढून म्हणालो, "अंगूर का बाग है हमारा. बचपन से." बायकोनं माझ्याकडं असं पाहिलं, की लग्नाच्या वेळी मी कायकाय सांगितलं होतं ते ती मनात पुन्हा तपासत असावी.

बागेत शिरलो आणि ऊर भरून आला. तेच खांब, त्याच तारा, वर वेलींचं छत. हुबेहूब आमचाच मांडव! फक्त तो उंचीला सहा फुटांच्या आतबाहेर. मी सहा फूट एक इंच. स्थळ बघताना माझी उंची हा माझा एकमेव गुण ठरला होता. इथं बायको हात वर करून ताठ चालत होती आणि मी दिवसभर कुणाच्या तरी पाया पडायला निघाल्यासारखा.

पण अनुभवी माणूस ना मी! फळाला हात न लावता, नाजूकपणे देठ धरून, देठासकट खुडत गेलो. अर्ध्या तासानं तपासणीच्या बाई आल्या. पेटीतून एक किवी उचलून त्यांनी माझ्या नाकासमोर धरली. किवीचा देठ वेलीवरच राहायला हवा. तो फळासोबत आला तर शेजारच्या फळांना टोचतो आणि मग शीतगृहात सडायला सुरुवात होते. फळ मुठीत धरायचं, हलकं वळवायचं, ते टक्कन सुटतं. म्हणजे माझ्या आयुष्यभराच्या ज्ञानाच्या बरोबर उलट. अख्खी पेटी पुन्हा निवडावी लागली. त्या दिवसापासून मुकादम मला 'अंगूरवाले' म्हणू लागले.

दुसऱ्या दिवशी पिशवीनं घात केला. ती पोटावर बांधतात. तिचा तळ दुमडून दोऱ्यांनी हुकांना अडकवलेला असतो. पेटीवर ओणवं व्हायचं, हूक सोडायचे, की फळं अलगद खाली उतरतात. मला वाटलं, वेळ वाचवावा. पेटी दहा पावलांवर असतानाच मी हूक सोडले. वीसेक किलो किवी गवतावर घरंगळली. मी गोळा करायला वाकलो, म्हणजे आणखी वाकलो, तर सगळे ओरडले. जमिनीवर पडलेलं फळ पेटीत टाकायचं नाही. आमच्याकडं घडातून गळालेले मणीसुद्धा पाटीत भरून विकतात हो!

ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. आमच्यात तो कोयता बायकोच होती. मी फार तर मूठ.

फळ ओलं असेल तर तोडणी बंद. त्यामुळं सकाळी दव वाळेपर्यंत गाडीत बसायचं आणि पाऊस आला तर घरी. काम नाही, तर पैसे नाहीत. अशाच एका पावसाळी सकाळी बायकोला खूश करायला मी पिकलेल्या हिरव्या किवीचं शिकरण केलं आणि संध्याकाळसाठी फ्रिजमध्ये ठेवलं. किवीतलं एंझाइम दुधातल्या प्रथिनांना फोडतं, हे मला पहिल्या चमच्याला कळलं. काढा बरा, इतकं कडू. बायको म्हणाली, "हेही बचपन से का?"

मे महिन्यात एकदा काम सुटल्यावर आबांना व्हिडिओ कॉल लावला. इथं संध्याकाळचे साडेपाच, तिकडं सकाळचे अकरा. आबा बागेतच होते, अवकाळीला शिव्या घालत. आभाळाकडं बघून आम्ही बापलेक एकाच वेळी काळजीत पडल्याची ही पहिलीच खेप.

"हजेरी किती पडते?"

"तासाला साडेतेवीस डॉलर."

आबांनी मनात गुणाकार केला. मग म्हणाले, "तुला देतात? तासाला?"

मागं वेलींच्या फुटी काढत असलेल्या सुरगाण्याच्या मावशींनी फोनमध्ये डोकावून पाहिलं. मातकट टोपी, पोटावर पिशवी, वाकलेली मान. त्यांनी मला ओळखायला थोडा वेळ घेतला. मग तोंडाला पदर लावून हसल्या आणि मांडवभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या,

"दादा, देठ धरा बरं का, देठ!"

बायको शेजारी हसत गवतावर बसली. मी "हो मावशी" म्हणालो. दुसरं काय म्हणणार?