शिंगं रंगवलेला चाकू

बैल विकायला काढला की आमच्या अल्लीपुरात आधी त्याची शिंगं साळतात, त्यांना तेल लावतात, रंग देतात, नवी वेसण नि नवा कासरा घालतात. पोळ्याला झालं नसेल एवढं कौतुक बाजाराच्या आदल्या दिवशी होतं. वय काही लपत नाही, गिऱ्हाईक दात पाहतंच. पण बैल नटलेला असला की भाव चढा सुरू होतो. मी बत्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, तरी माझं व्यवहारज्ञान एवढंच : विकायची वस्तू नटवून न्यावी. याच ज्ञानाच्या बळावर मी आजोबांचा चाकू विकायला काढला.

आजोबा हिंगणघाटला एका जिनात मुनीम होते. रुईच्या गठाणीचं तरट फाडून नमुना काढायला, नि एरवी पेन्सिलीला टोक करायला, हा घडीचा चाकू त्यांच्या कोटात असे. तो आला कुठून, याबद्दल घरात तीन मतं. वडील म्हणत, साहेबानं बक्षीस दिला. काकाजी म्हणत, पत्त्यांत जिंकला. आजी म्हणायची, "सापडला असंल कुठंतरी. बक्षीस देण्यासारखं त्याईनं काय केलं?"

दिवाळीच्या साफसफाईत तो पेटीच्या तळाशी निघाला. दोन पाती. मोठं शाईसारखं काळंनिळं झालेलं, धाकट्याचं टोक मोडलेलं. मुठीला हाडाच्या दोन पट्ट्या, त्यांपैकी एकीला तडा. पण उघडला की कमान 'टक्' म्हणायची, नि मिटला की पुन्हा 'टक्'. मी तासभर नुसता उघडत-मिटत बसलो. दोन्ही पात्यांच्या बुडाशी बारीक शिक्के होते. मोठ्यावर चांदणी, तिच्याशेजारी क्रूस, मुकुटाच्या अलीकडे 'व्ही', पलीकडे 'आर', नि खाली : जोसेफ रॉजर्स अँड सन्स, शेफील्ड.

नागपूरच्या भाच्यानं फोटो पाहून कळवलं, "मामाजी, 'व्हीआर' म्हणजे व्हिक्टोरिया राणी. ती १९०१ मध्ये गेली, म्हणजे चाकू त्याआधीचा!" त्याच्या ओळखीचे इतवारीतले एक गृहस्थ असल्या वस्तू जमवतात. त्यांनी फोटोवरूनच पंधरा हजार बोलून दाखवले. अट एकच : जसा आहे तसा आणा.

ही अट मला निव्वळ शिष्टाचार वाटली. 'येताना काही आणू नका' म्हणणाऱ्याच्या घरी आपण रिकाम्या हातानं जातो का?

सुरुवात मी घरीच केली. पितळी अस्तराला चिंच, पात्याला पॉलिशपेपर. काळेपणा हटेना, तेव्हा वेल्डिंगच्या दुकानात जाऊन पातं बफवर धरायला सांगितलं. पातं असं लखलखलं की मी त्यात माझ्या मिशा पाहिल्या. चांदणी पुसट झाली, 'व्ही' गेला, मुकुटाचा बटाटा झाला. मला वाटलं, नावाचं काय एवढं, काम दिसलं पाहिजे.

मग लोहार. त्यानं धाकटं पातं हातात घेतलं, नखानं वाजवलं नि म्हणाला, "गुरुजी, हे ठेवा ना असंच. चांगलं पोलाद हाये." मी म्हटलं, "टोक मोडलंय. नवं बसव." त्यानं लोखंड कापायच्या करवतीचं पान घासून नवं पातं केलं. ऐंशी रुपये. कमानही ढिली वाटली म्हणून बदलून घेतली, साठ रुपये. नव्या पात्याला नखानं उघडायची खाच ठेवायचं आम्हा दोघांच्याही लक्षात राहिलं नाही. त्यामुळे ते उघडायला पकड लागते.

राहिली मूठ. स्वयंपाकघराच्या ओट्याखाली सागवानी नक्षीचा सनमायका उरला होता. त्याच्या दोन पट्ट्या कापल्या, जुन्या खिळ्या ठोकून काढल्या नि स्क्रू बसवले. पुण्याच्या केळकर संग्रहालयातल्या अडकित्त्यांपुढे मी शाळेच्या सहलीत पाऊण तास उभा राहिलो होतो. त्यांतल्या एकालाही सनमायका नव्हता, हे तेव्हाच आठवायला हवं होतं. आठवलं ते भलतंच. संध्याकाळी आतून आवाज आला, "अहो, कुकरचा दांडा काहून हालून राह्यला?" स्क्रू कुठले, हे मी त्या रात्री सांगितलं नाही.

एसटीनं हिंगणघाट, तिथून नागपूर. इतवारीतल्या गृहस्थांच्या खोलीत जुनी कुलपं, नाणी नि चाकूच चाकू. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, डोळ्याला भिंग लावलं आणि बराच वेळ बोललेच नाहीत. डॉक्टरनं एक्सरे उजेडात धरून गप्प बसावं, तसे. मग विचारलं, "गुरुजी, फोटोतला चाकू आणला नाही का?"

पुढचा अर्धा तास माझा तास त्यांनी घेतला. शिक्का ही चाकूची जन्मपत्रिका; ती मी बफवर धरली. काळेपणा हा मळ नसतो, वय असतं. मोडकं टोक चालतं, कारण मोडलं तरी पातं मूळचंच. तडा गेलेली पट्टीही चालते, फार तर थोडा भाव पडतो. पण पातं बदललं की भाव निम्म्याखाली. त्याच कारखान्याचं, त्याच काळचं पातं कुणी जाणत्यानं बसवलं असेल तर गोष्ट थोडी वेगळी, पण तेही विकताना सांगावं लागतं. न सांगता विकलं तर ती फसवणूक. "तुमच्याबाबतीत तो प्रश्न नाही," ते म्हणाले, "सनमायका लांबूनच सांगतो."

हाडाच्या पट्ट्यांची त्यांना फार हळहळ. सांबरशिंगाची मूठ असती तर घेताच आली नसती म्हणाले. एके काळी इथली शिंगं शेफील्डला जायची नि चाकूची मूठ होऊन परत यायची. आता वन्यजीव कायद्यानं ती खरेदी-विक्री बंद. "तुमची हाडाची होती म्हणून बरं होतं." 'होती' वर त्यांनी जरा जास्तच जोर दिला.

मीही गणिताचा मास्तर, सहजी हार मानत नाही. त्यांच्याच तोंडून मघाशी ऐकलं होतं, की याच रॉजर्सनी १८२२ साली तितक्याच, म्हणजे १८२२ पात्यांचा एक चाकू केला आणि पुढं साल वाढेल तशी त्यात नवी पाती घातली. मी म्हटलं, "त्यांनी शेकड्यानं घातली तर कौतुक, मी एकच घातलं तर गुन्हा?"

त्यांनी भिंग खाली ठेवलं. "त्यांनी करवतीचं पान घातलं नव्हतं, गुरुजी."

शेवटी चारशे रुपये बोलले, तेही पितळी अस्तर नि मोठ्या पात्यासाठी, दुसऱ्या चाकूला सुटे भाग म्हणून. माझ्या चाकूचे भाग काढून दुसऱ्याचा भाव वाढणार, हे गणित मला अजून सुटलेलं नाही. मी उठलो, तेव्हा त्यांनी विचारलं, "जुने तुकडे फेकले तर नाही ना? धाकट्या पात्यावर शिक्का असेल. पट्ट्या, कमान, पातं, सगळं आणलं तर बसून बोलू."

घरी पट्ट्यांपैकी एक सापडली. नातीनं ती बाहुलीची पाटी केली होती. दुसरी कुठं गेली, देव जाणे. दुसऱ्या दिवशी सकाळीच भात्यापाशी हजर झालो. कमान कधीच भंगारात गेली होती. पण लोहार मांडीवर फळी घेऊन पट्ट्याचं चामडं कापत बसला होता, नि त्याच्या हातात माझं धाकटं पातं होतं. बाभळीची नवी मूठ, मोडक्या टोकाला तिरपी धार. वाकून पाहिलं. बुडाशी रॉजर्सचं नाव अख्खं होतं.

"मस्त चालते, गुरुजी," तो म्हणाला. "लोण्यासारखं."

"मला परत हवंय."

त्यानं पातं धोतराला पुसलं, उन्हात धरून पाहिलं. "दोनशे होतीन."

"अरे, नव्या पात्याचे ऐंशी घेतलेस ना माझ्याकडून?"

"ते नवं होतं ना, गुरुजी."