एवढं धुकं, आणि एक भजीची गाडी नाही!

आम्ही कुसगावचे. मुंबई-पुण्यात एवढं सांगून भागत नाही, म्हणून ‘लोणावळ्याला लागूनच’ असं पुढे जोडावं लागतं. मग समोरचा म्हणतो, ‘वा, मजा आहे तुमची!’ मजा अशी, की पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारचं दूध आम्ही शुक्रवारी रात्रीच आणून ठेवतो. एकदा का एक्स्प्रेसवेवरून उतरलेल्या गाड्या भुशी धरणाकडे निघाल्या, की रस्ता ओलांडून समोरच्या दुकानात जाणं हाही एक ट्रेक होतो. जून ते सप्टेंबर कपडे वाळत नाहीत, भिंतींना ओल येते, कपाटाचं दार फुगून बसतं ते दिवाळीलाच उघडतं. आणि ज्या धुक्यापायी हे सगळं सोसायचं, ते बघायला लोक पेट्रोल जाळून येतात. धुकं बघायला माणूस घर सोडून निघतो, याचं आमच्या घरात सगळ्यांनाच हसू येतं.

तर असे आम्ही सॅन फ्रान्सिस्को बघायला गेलो. तेही जुलैत.

धाकटी बहीण फ्रीमाँटला राहते. फ्रीमाँट ते सॅन फ्रान्सिस्को हे अंतर जवळजवळ कुसगाव ते पुणे एवढंच, त्यामुळे अण्णांना, म्हणजे आमच्या वडिलांना, नकाशा पहिल्याच दिवशी पाठ झाला. फ्रीमाँटमध्ये लख्ख ऊन होतं. दाजी म्हणाले, “स्वेटर घ्या बरोबर.” अण्णा म्हणाले, “जावईबापू, जुलै म्हणजे उन्हाळा ना तुमच्याकडे?” दाजींनी वाद घातला नाही. चार स्वेटर त्यांनी डिकीत मुकाट टाकले असते तर बरं झालं असतं, पण तिकडे बरीच वर्षं राहिलेल्या माणसाला पाहुण्यांचे अनुभव पाहुण्यांनाच घेऊ देण्याची सवय लागते.

सॅन फ्रान्सिस्कोत उतरलो आणि आईने पदर डोक्यावरून घेतला तो संध्याकाळपर्यंत खाली आला नाही. फिशरमन्स वॉर्फला छातीवर गावाचं नाव छापलेले जाड स्वेटशर्ट मिळतात. दुकानांसमोर आमच्यासारखेच कुडकुडणारे लोक उभे होते. इंग्रज, चिनी, पंजाबी, सगळे अर्ध्या चड्डीत. धंद्याची ही तऱ्हा आम्ही लगेच ओळखली. लोणावळ्यात पहिला पाऊस पडला की फूटपाथवर प्लॅस्टिकचे रेनकोट याच चपळाईने उगवतात.

एवढी थंडी का, हे भाचीने समजावलं. तिथला समुद्र उन्हाळ्यातही गार, आणि आतलं मोठं खोरं मात्र रणरणतं. खोऱ्यातली तापलेली हवा वर चढते आणि समुद्रावरचा गार धुक्याचा लोट गोल्डन गेटच्या खिंडीतून आत खेचला जातो. म्हणजे आत जितकं ऊन जास्त, तितकी शहरात थंडी जास्त. तिथल्या लोकांनी त्या धुक्याचं नाव कार्ल ठेवलं आहे. “बारसं कुणी केलं?” आईने विचारलं. भाचीला बारसं काय ते समजावण्यात पुढची दहा मिनिटं गेली.

गोल्डन गेट पुलाच्या अलीकडेच अण्णांनी शोध लावला, की रंगकाम अजून बाकी आहे. “हा रेड ऑक्साइड आहे,” ते म्हणाले. “ग्रिलला आधी मारतात ना, तोच. वरचा हात राहिलाय.” दाजी हसले, आणि मग फोनमध्ये बघून गप्प झाले. कारण गोष्ट थेट तशीच निघाली. पोलाद आलं ते गंज लागू नये म्हणून तांबड्या प्राइमरने रंगवून. वास्तुविशारद आयर्विंग मॉरो यांना धुक्यात तोच रंग उठून दिसला आणि त्याच्याच जवळचा नारिंगी रंग त्यांनी कायमचा ठरवला. नौदलाला तर पूल काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचा हवा होता. पूल 1937 साली सुरू झाला. मधला गाळा 1280 मीटरचा, मनोरे 227 मीटर उंच. एक्स्प्रेसवेच्या मिसिंग लिंकचं काम आमच्या दारात आल्यापासून अण्णा पुलांच्या बाबतीत घरचेच इंजिनियर झाले आहेत. त्या दिवसापासून दाजीही त्यांना तसंच मानतात.

पूल ओलांडून पलीकडच्या डोंगरावर, जुन्या तोफखान्याच्या जागेवर गेलो. तिथून पूल उत्तम दिसतो म्हणतात. आम्हाला दिसलं ते निव्वळ पांढरं. दीड-दोनशे माणसं त्या पांढऱ्याकडे कॅमेरे रोखून उभी होती. लोणावळ्याच्या लायन्स पॉइंटवर जन्म गेलेल्या माणसाला अशा वेळी गप्प बसवत नाही. “फाइव्ह मिनिट्स. विल ओपन,” असं अण्णांनी शेजारच्या जपानी कुटुंबाला जाहीर आश्वासन दिलं. पाच मिनिटं झाली, वीस झाली. आमचं धुकं दरीतून वर चढतं आणि वाऱ्याच्या एका झोताने फाटतं. हे समुद्रावरून आडवं येत होतं आणि मागे अख्खा पॅसिफिक शिल्लक होता. मग क्षणभर एका मनोऱ्याचं टोक दिसलं, गर्दीने जल्लोष केला आणि ते परत बुडालं. जपानी आजोबांनी अण्णांना वाकून नमस्कार केला. श्रेय अण्णांनी नाकारलं नाही.

आईचं लक्ष पुलाकडे नव्हतंच. तिचा मामेभाऊ पावसाळ्यात कणसाची गाडी लावतो, त्यामुळे गर्दी दिसली की ती हिशोब मांडते. “एवढं धुकं, एवढी माणसं, आणि एक भजीची गाडी नाही!” ती हळहळत म्हणाली. “कणीस नाही, चहा नाही. हे लोक येतात तरी कशाला?” मला आजवर सॅन फ्रान्सिस्कोवर झालेली ही सगळ्यात रास्त टीका वाटते.

पण अण्णा खरे रमले ते केबल कारमध्ये. ते रेल्वेतून निवृत्त झाले. भोर घाटात कर्जतला गाडीला मागून बँकर इंजिनं लागतात आणि ढकलत वर आणतात, हे त्यांनी आयुष्यभर पाहिलेलं. इथे इंजिनच नाही. रस्त्याखाली पोलादी दोर तासाला पंधरा किलोमीटरच्या वेगाने सतत फिरत असतो. डब्यातला ग्रिपमन लांब दांडा ओढून त्या दोराला चिमटा घालतो, की गाडी निघाली. चिमटा सोडला, ब्रेक दाबला, की थांबली. अँड्र्यू हॅलिडी यांनी ही गाडी 1873 मध्ये चालवून दाखवली. “आपला घाट 1863 चा,” अण्णा लगेच म्हणाले, “दहा वर्षं आधी.” घाटाचा चढ सदतीसला एक, हेही सांगून झालं. मग गाडी हाइड स्ट्रीटला लागली. तिथला चढ पाचाला एकच्या आसपास. अण्णांनी दांडी दोन्ही हातांनी धरली आणि उतरेपर्यंत आकडेवारी बंद ठेवली.

तिकीट तेव्हा आठ डॉलर होतं, एका माणसाचं, एका फेरीचं. आईने मनात रुपये केले आणि तिचा चेहरा पाहून वाहकाने तिला आत बसायला जागा करून दिली. पुढे केबल कारच्या संग्रहालयात कळलं, की 1947 मध्ये महापौरांनी या गाड्या मोडीत काढायचं ठरवलं होतं. फ्रिडेल क्लुसमन या बाईंनी इतर बायकांना जमवून मतदान घ्यायला लावलं आणि गाड्या वाचवल्या. “बायकांनीच ना?” एवढं म्हणून आईने आठ डॉलर माफ केले. संग्रहालय फुकट होतं, त्याचाही हातभार लागला असेल.

लोम्बार्ड स्ट्रीटवर आठ वळणं घेत गाड्या उतरतात आणि लोक त्याचे फोटो काढतात. आमच्याकडे खंडाळ्याच्या वळणांवर लोक उलट्या काढतात. तिथून जवळच उतारावर दाजींनी गाडी लावली आणि चाकं पदपथाकडे वळवली. तसा तिथे नियमच आहे, नाही तर दंड. अण्णा मात्र सवयीने चाकाखाली लावायला दगड शोधत गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आले. “सगळा डोंगर, आणि दगड एक नाही,” असा शेरा त्यांनी मारला. डोंगर तरी कसले! सगळ्यात उंच टेकडी 283 मीटरची. लोणावळ्याचं स्टेशन तिच्या दुपटीहून उंच आहे.

परतीच्या दिवशी अण्णांच्या हट्टाने वुड स्ट्रीटवरचं गदर स्मारक पाहिलं. बंद होतं, बाहेरूनच पाहिलं. 1913 मध्ये याच शहरातून गदर चळवळीचं ‘गदर’ पत्र निघालं. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे त्या चळवळीत होते, आणि तळेगावचे विष्णू गणेश पिंगळेही. पिंगळे बंड उभारायला हिंदुस्थानात परतले, मेरठला पकडले गेले आणि 16 नोव्हेंबर 1915 ला लाहोरला फासावर गेले. तिशीही झाली नव्हती. “आपल्या मावळचा पोरगा,” अण्णा म्हणाले. मी सांगितलं, ते तळेगाव ढमढेरे, शिरूरचं. आपलं तळेगाव दाभाडे. अण्णांनी पायातला बूट काढून पायरीला हात लावला. “असू दे,” म्हणाले. “सगळी तळेगावं आपलीच.” नंतर गाडीत बराच वेळ कुणी काही बोललं नाही. आई सोडून, तिला भूक लागली होती.

घरी आल्यावर शेजारी विचारायला आले, काय पाहिलं? अण्णा म्हणाले, “धुकं. पण पाऊस नाही. त्यांचा वर्षाचा पाऊस आपल्याकडे दोन-तीन दिवसांत पडून जातो.” मात्र एक गोष्ट त्यांना मनापासून आवडली. तिथे शहराला जोडणाऱ्या दोन्ही मोठ्या पुलांवर आत शिरताना टोल आहे, बाहेर पडताना काही नाही. कुसगावच्या फाट्यावर शनिवार-रविवार असंच करावं, असा अर्ज त्यांनी लिहून ठेवला आहे आणि सध्या सह्या गोळा करताहेत. तेव्हा धुकं बघायला यायचं असेल तर लवकर येऊन जा. फक्त गाडी आमच्या दारात लावू नका.